हाक आली नाही म्हणजे पाणी पोचलं

भंडाऱ्यात आम्हा बायकांचा इंग्रजी बोलायचा क्लास असतो. दुपारी, घरची जेवणं आटोपली, भांडी पालथी घातली की मग. पावसाळ्यात एक दिवस मॅडमनं फळ्यावर ‘शाउट’ हा शब्द लिहिला आणि पुढे अर्थ लिहिला, रागाने ओरडणे. म्हणाल्या, आता प्रत्येकीनं एकेक वाक्य करा.

पहिलीनं केलं, वर्गात शाउट करू नका. दुसरीनं केलं, दवाखान्यात शाउट करू नका. तिसरीनं देवळात करू दिलं नाही. सगळीकडे आपलं करू नका, करू नका. माझी पाळी आली तशी मी उठून म्हटलं, “माय हजबंड सेज, डोन्ट शाउट.” सगळ्या खदखदून हसल्या. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, व्हेरी गुड.

व्हेरी गुड काय, कपाळ! मला आतून इतकी चीड आली. इंग्रजीतला हा एकच शब्द मला क्लासला यायच्या कितीतरी आधीपासून येत होता, इतका तो माझ्या कानावर पडलेला. मी खाली बसलेच नाही. म्हटलं, “मॅडम, हा अर्थ अर्धाच हाये. रागानं चिल्लावणं वेगळं, आन् दुरून हाक मारणं वेगळं.” मॅडम म्हणाल्या, दोन्हीला शाउट चालतं. “दोन्हीले एकच? बापा! गरीबच भाषा दिसते.” पुन्हा हशा. पण मी गंमत करत नव्हते. खेकसणं वेगळं, बोंब मारणं वेगळं, किंचाळणं वेगळं, कल्ला करणं तर आणखीनच वेगळं. आणि हाक या सगळ्यांत बसतच नाही. हाक मला माझ्या बापानं शिकवली होती, आणि ती शिकवताना तो एकदाही रागावला नव्हता.

माझं माहेर पवनी तालुक्यात, आसगावला उतरून आणखी आत जावं लागतं. धानाचं गाव. आमच्या तुकड्यापर्यंत कालवा येत नाही, सगळी मदार गावच्या तलावावर. तलावाच्या पाळीत पाणी सोडायची जी खिडकी असते तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तुडूम उघडला की पाणी पहिल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात शिरतं, ती भरली की भोवतीच्या मातीच्या धुऱ्याचं तोंड उघडून दुसरीत, तिच्यातून तिसरीत, असं उतरत उतरत सगळ्यात शेवटी आमच्या बांधीत. आमची बांधी नाल्याला लागून, एकदम खाली. वरच्यांनी जेवून उरलं तर आमचं ताट.

पण अशा खालच्या माणसासाठी गावानं एक कायदा करून ठेवला आहे. कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही. पाण्याच्या दिवशी सूर्य बुडाला की तुडूम बंद होतो. मात्र खालून हाक आली, पाणी पोचलं नाही म्हणून, तर बंद करायचा नाही, कितीही वेळ लागो. हाक आली नाही म्हणजे पाणी पोचलं. आणि हाक आली की मधल्या प्रत्येक बांधीवाल्यानं ती आपल्या तोंडानं वर पाठवायची. धुऱ्याचं भांडण असो, बोलणं बंद असो, हाक अडवायची नाही.

आमच्या घरची हाक मी मारायची. बाबांचा आवाज बसका, मायचा त्याहून बारीक, देवानं सगळा साठा माझ्याच गळ्यात भरलेला. बाबा मला धुऱ्यावर उभं करून शिकवायचे, “पोटातून काढ. गळ्यातून काढशीन तं ते धुऱ्यावरच पडते. शेवटचं अक्षर लांबव. आन् हाक मारली का मंग गप राह्य. उत्तराले जागा ठेव.” मी “पाणी नाही आलंऽऽऽ” केलं की नाल्यातले बगळे उठायचे. बाबा गावभर सांगत फिरायचे, “पोरीचा आवाज हाये का भोंगा!” दुसऱ्याच्या घरी मुलीला दटावलं असतं. माझ्या बापाची छाती फुगायची.

मग लग्न होऊन मी भंडाऱ्यात आले. सासर विणकरांचं. पूर्वी घरात माग होते, आता खाली साड्यांचं दुकान आणि वर आम्ही. नवी नवरी होते, जेवण तयार झालं म्हणून जिन्याच्या तोंडाशी येऊन मी आपली नेहमीसारखी हाक मारली, “अवो, जेवाले चलाऽऽऽ!” खाली एका गिऱ्हाईक बाईच्या हातून साडी गळून पडली. सासूबाई पदर सावरत वर आल्या. “हळू बोल न बाई. खाली दुकान हाये, भाजीची गुजरी नाही.” नवरा शिकलेला. मराठीत रागावणं त्याला कमीपणाचं वाटत असावं. तो म्हणाला, “डोन्ट शाउट.”

झालं, तेव्हापासून सुरू. हळू बोल, हळू हस, हळू शिंक. मी पण काय करते, नव्या घरात पाय रोवायचे होते. जिना उतरून, जवळ जाऊन, कानाशी “जेवता का?” विचारायला शिकले. पुढे पुढे तर कुणाला सांगावंच लागेना, आवाज आपोआपच दुकानापुरता निघू लागला. शेजारीण एकदा म्हणाली, तुमची सून म्हणजे अगदी गरीब गाय. गरीब गाय! माहेरी हे कुणी ऐकलं असतं तर हसून हसून लोळलं असतं.

यंदा उन्हाळ्यात बाबांचा पाय मोडला. मांडीचं हाड. बसतात, काठीनं अंगणापर्यंत येतात, पण धुऱ्यावरून चालणं संपलं. मला भाऊ नाही, बहीण नाही. आमच्या लगेच वरच्या बांधीवाल्यानं आमचं वावर ठेक्यानं मागितलं, आणि बाबा देणारच होते. मी त्यांच्या खाटेवर बसून म्हटलं, “कोणाले द्याचं नाही. मी करते.”

“तू? साड्यावाली?”

“साड्यावाली मंग झाली, बाबा. पहिले मी तुमची पोरगी होती.”

 बाबा म्हणाले, “एक साल करून पाह्य. धान घरी आलं तं वावर तुझं. नाही आलं तं मी ठेक्यानं देऊन टाकतो. मंग मायजवळ बसून रडाचं नाही.”

बाबा शब्दाचे पक्के. दिलं तर देतील, नाही तर नाही. नवरा म्हणाला, बसमध्ये बसून बसून कुठे शेती होते का? सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि आमच्या घरी ते जास्त वाईट. मी मात्र जात राहिले. पवनीला गाडी बदलायची, आसगावला उतरायचं, पुढे जे मिळेल ते. रोवणी झाली, निंदण झालं, धान मांडीला लागलं. मला वाटलं, जिंकलं आता. आणि धान निसवून लोंब्या धरायच्या बेतात असताना पाऊस जो गेला तो गेलाच. तलाव खाली गेला. गावानं ठरवलं, दोनदा पाणी सोडू, बस. त्यातच ज्याचा दाणा भरेल त्याचा भरेल.

पहिल्या पाण्याच्या दिवशी मी काय दिवे लावले ते ऐका. सूर्य पळसांवर टेकला तरी माझ्या बांधीत थेंब नाही. वरचा बांधीवाला त्याच्या धुऱ्यावर विडी ओढत बसलेला. मी पदर सारखा केला, पर्समधून मोबाइल काढला आणि तुडूम उघडायला-लावायला पाळीवर बसतो त्या म्हाताऱ्याला फोन लावला. रिंग जाऊन राहिली, जाऊन राहिली. उचलेना. मग मेसेज टाकला, ‘पाणी आले नाही, कृपया तुडूम बंद करू नये.’ कृपया! आता आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. एकदा तोंड उघडलं होतं हो. पण वाटलं, लोक काय म्हणतील, भंडाऱ्याची बाई वावरात उभी राहून बोंबलून राहिली. तोंड तसंच मिटलं. सूर्य बुडाला आणि तुडूम बंद झाला.

तरातरा पाळीवर गेले. म्हाताऱ्याचा फोन झाडाला टांगलेल्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली. “किती फोन केले मी तुमाले!” म्हणून मी त्याच्यावर गेले. त्यानं शांतपणे तंबाखू मळली. “फोनचं मले नको सांगू, बाई. हाक कोठी आली?”

परत येऊन वरच्याला धरलं. “तुमाले दिसत होतं न, माझी बांधी कोरडी हाये?”

“दिसत होतं.”

“मंग?”

“तू हाकच नाही देल्ली. मी वर काय पाठवू, माझी विडी?”

अंगाचा तिळपापड झाला. पण दोघंही कायद्यानं बरोबर होते. पाण्याला मोबाइल करायला मीच गेले होते. घरी बाबांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बोलणाऱ्याची अंबाडी विकते, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत.” आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसरं पाणी येईस्तोवर बांधीला भेगा पडल्या. धानाची पानं सुईसारखी गुंडाळली. लोंब्या बाहेर यायला लागल्या होत्या, आणि त्या पोचट राहिल्या की सगळंच संपलं, हे मला शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्या सकाळी मी निघाले तर जिन्याखाली सासूबाई उभ्या, बाहेर जायचं लुगडं नेसून, हातात छत्री.

“मीबी येते.”

“कायले जी?”

“पाह्यते न, माझी सून घर सोडून कोठी जात असते ते.”

म्हटलं, घ्या. एक बाप परीक्षा घेऊन राहिला, त्यात हे दुसरे मास्तर.

दुपारभर त्या धुऱ्यावर छत्री धरून बसल्या. पाणी एकेक बांधी उतरत होतं ते लांबून चकाकताना दिसत होतं. उन्हं कलली तेव्हा वरच्यानं आपल्या धुऱ्याचं तोंड उघडलं, आणि माझ्या बांधीत बोटभर धार आली. आली, आणि थांबली. मी धुऱ्यावरून पळत वर गेले. त्याच्या धुऱ्याला नाल्याच्या बाजूनं खेकड्यानं हे एवढं भोक पाडलेलं, आणि माझं पाणी त्यातून खळखळ नाल्यात चाललेलं. दोन्ही हातांनी चिखल कोंबला, दगड लावला, वर उभी राहून पायांनी दाबला. भोक बुजलं. पण पाणी जायचं ते गेलं होतं, आणि सूर्य पळसांवर आला होता.

सासूबाईंनी विचारलं, “झालं का?”

“नाही जी, आई. सारं वाहून गेलं. आणखी पाणी पाह्यजे, आन् आता तुडूम बंद होते.”

“मंग फोन लाव.”

“फोन पिशवीत असते त्यायचा.”

“मंग तुमचे लोक सांगतात कसे?”

“हाक मारून.”

“मंग मार न! माझ्या तोंडाकडे काय पाहून राहिली?”

मी मारली. काय सांगू, लाज वाटते. “पाणी नाही आलं होऽ” असं काहीतरी निघालं, दुकानातलं, घडी घातलेलं. वरच्यानं मानसुद्धा वळवली नाही. सासूबाईंनी फटकन छत्री मिटली.

“हे काय होय? गिऱ्हाईकाले चहा विचारून राहिली का? आमच्या घरी माग चालत होते न, तवा त्या खटखटीत मी या टोकाहून त्या टोकाले सांगत होती, धागा तुटला म्हणून. सारा मोहल्ला आयकत होता. जोरानं, बाई! जोरानं!”

ही बाई! जिनं इतकी वर्षं मला हळू, हळू केलं, ती धुऱ्यावर उभी राहून मला जोरानं म्हणत होती, आणि तिचाच आवाज नाल्यापार गेला होता. मला राग आला, हसू आलं, सगळं एकदम आलं. मी पाय रोवले. तोंडाशी हात धरले. आणि पोटातून काढली.

“पाणी नाही आलंऽऽऽऽ! तुडूम ठेवाऽऽऽऽ!”

बगळे उठले. देवाशपथ, बगळे उठले. छातीत घंटा वाजल्यासारखं झालं आणि मी गप्प झाले. उत्तराला जागा ठेवली. 

वरचा बांधीवाला उठला. माझं वावर ज्याला पाहिजे होतं तो. मी गप्प राहिले असते तर ते पुढच्या साली त्याचंच होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, विडी नाल्यात फेकली, तुडमाकडे तोंड केलं आणि असा काही गळा काढला की त्याच्या मानेच्या शिरा मला इथून दिसल्या. “खाले पाणी नाही आलंऽऽऽऽ! तुडूम ठेवाऽऽऽऽ!” त्याच्या वरच्यानं उचललं. त्याच्याही वरच्यानं. माझी हाक बांधीबांधीनं वर चढत गेली, बारीक होत होत पार पाळीपर्यंत. मग काहीच नाही. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलेलं.

आणि वरून आलं. आधी ऐकू येतं न येतं, मग जवळ, मग आणखी जवळ, शेवटी वरच्याच्या तोंडून खणखणीत, “ठेवलाऽऽऽऽ होऽऽऽऽ!”

मी नाचले. सरळ सांगते, चिखलात नाचले. सासूबाईंनी लुगडं खोचलं आणि अंधारून यायच्या आत पाणी आलं तेव्हा त्या घोट्यापर्यंत त्यात उभ्या होत्या, नवं लुगडं चिखलानं भरलं त्याची शुद्ध नाही. भेगांमधून पाणी बुडबुड करत आत जात होतं आणि मी रडत होते. लाज कसली त्यात! वरचा धुऱ्यावरून ओरडला, “आता आली का हाक? पहिल्या पाण्याले का झोपली होती?” मी म्हटलं, “झोपलीच होती, दादा. सासरी!” सासूबाई माझ्याही आधी हसल्या.

घरी आलो तर बाबा अंगणात, खाटेवर उठून बसलेले. माय म्हणाली, निजले होते, एकाएकी खाटेचा माचवा धरून उठले आणि म्हणाले, गप राह्य, पोरीची हाक हाये. वास्तविक गावापर्यंत पोचली ती दुसऱ्यांच्या तोंडची. पण बाबा ऐकेनात. म्हणाले, “पहिली तुझीच होती. आयकलो मी.”

“धान याचंच हाये अजून, बाबा,” मी म्हटलं. “बोली धानाची होती.”

“धान येईन तं येईन. या साली नाही तं पुढच्या साली येईन. पाणी मागता येते तुले, मंग वावराची मले फिकर नाही. वावर तुझं.”

परतीच्या बसमध्ये मी सासूबाईंना विचारलंच, मग मला काहून एवढी वर्षं हळू हळू केलं? त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “माग गेले, दुकान आलं. पहिले सगळ्यायनं मलेच हळू केलं, बाई. मंग मले वाटलं, असंच असते.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “आज बरं वाटलं.” आता त्या खालून मला हाक मारतात आणि मी वरून ओ देते. गिऱ्हाईकं दचकतात. नवरा डोन्ट शाउट म्हणतो, आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघतो.

लोंब्या भरल्या. वाकल्या. दाणा दाताखाली कट्कन वाजायला लागला तेव्हा कापणीचा दिवस धरला. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी क्लासमध्ये मॅडमनं जुने शब्द विचारायला काढले आणि बरोबर माझ्यावर आल्या. शाउट. मी उठले. इंग्रजीत बोलायचं म्हणजे अजून जीभ अडखळते, म्हणून हळूच म्हटलं, “आय शाउटेड, अँड द वॉटर केम.”

मागच्या बाकांवरून कुजबुज झाली, काय म्हणाली, काय म्हणाली. मॅडम म्हणाल्या, “ऐकू नाही आलं मागे. जरा मोठ्यानं.”

जरा मोठ्यानं! हेच कुणीतरी मला म्हणायचं बाकी होतं. मी पाय रोवले आणि पोटातून काढलं, शेवटचं अक्षर लांबवून. खिडकीची काच थरथरली. खाली रस्त्यावर एक ऑटो करकचून थांबला, ऑटोवाल्यानं मान बाहेर काढून वर पाहिलं आणि विचारलं, “मले बोलावलं का जी?”

सगळा वर्ग हसता हसता बाकांवर पडला. मी म्हटलं, “थांबा, थांबा, आलीच मी!” पिशवी उचलली, मॅडमला नमस्कार केला आणि जिना उतरले. तोच ऑटो करून बसस्टँडवर गेले, कारण सकाळी उजाडताच माझ्या वावरात कापणी लागणार होती.